तळ्यातला मासा का गुदमरला?

(शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला विज्ञानावर बोलायला उभे केले आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी बी.ए., बी.एड. आहे. वर्गात मी भूगोल शिकवतो. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे येतो, एवढाच माझा आणि रसायनशास्त्राचा अधिकृत संबंध. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याला कारण एक मुलगा आणि त्याने विचारलेला प्रश्न. त्या प्रश्नाला मी चुकीचे उत्तर दिले होते. ती चूक आज आपणा सर्वांसमोर दुरुस्त करावी, असा माझा हेतू आहे.

झाले ते असे. मे महिना तोंडावर आला होता. नववीच्या वर्गात मी मुंबईच्या तलावांविषयी सांगत होतो. पवईचा तलाव १८९१ साली बांधला गेला. मुंबईची पाण्याची टंचाई दूर व्हावी म्हणून मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून पाणी अडवले, पण ते पाणी पिण्यालायक ठरले नाही. एवढे सांगून मी पुढे निघालो, तोच मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, सकाळी येताना तलावाच्या काठाला मेलेले मासे बघितले. पाण्यातले मासे पाण्यातच मरतात कसे?"

मी म्हणालो, "पाण्यात काहीतरी विष आले असेल."

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग सर, बगळे तेच मासे खात होते. त्यांना काहीच कसे झाले नाही?"

वर्ग हसला. मला राग आला. "खाली बस, फाजील प्रश्न नकोत," असे म्हणून मी धडा पुढे चालू केला. तो मुलगा बसला, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्याने मला काहीही विचारले नाही. मित्रहो, शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नसते. घरी गेल्यावर माझ्या मनातून ते बगळे जाईनात. मी विज्ञानाची पुस्तके काढली, जाणकारांना विचारले, आणि हळूहळू माझ्या ध्यानात आले की त्या मुलाच्या प्रश्नात रसायनशास्त्राचा एक फार मोठा धडा दडलेला आहे. तो धडा असा की, कोणत्याही कामात दोन पायऱ्या असतात. एक, माल जागेवर पोहोचणे. दोन, तिथे काम होणे. आणि दोहोंपैकी जी पायरी मंद, तीच साऱ्या कामाचा वेग ठरवते.

प्रथम दुसरी पायरी घेऊ, कारण ती विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. दोन पदार्थ एकत्र येऊन नवा पदार्थ तयार होतो, त्याला आपण रासायनिक अभिक्रिया म्हणतो. तिचा वेग कशावर अवलंबून असतो? दहावीची मुले झोपेतून उठवले तरी सांगतील: अभिकारकांचे स्वरूप, कणांचा आकार, संहती, तापमान आणि उत्प्रेरक. पाचही मुद्दे बरोबर आहेत. पाच गुणही मिळतील. पण हे पाचही मुद्दे आपल्या आईच्या स्वयंपाकघरात रोज वावरत असतात, हे किती जणांनी पाहिले आहे?

खडीसाखर आणि दळलेली साखर चहात टाकून पाहा. दळलेली आधी विरघळते. येथे नवा पदार्थ बनत नाही, पण कण बारीक झाला की पाण्याला शिवणारा पृष्ठभाग वाढतो, हे तत्त्व तेच. लाकडाचा ओंडका पेटायला वेळ लागतो, पण त्याच्या ढलप्या भुरकन पेटतात. मटण लवकर शिजावे म्हणून अम्मी कच्ची पपई लावते. पपईत एक विकर असते, म्हणजे सजीवांनी बनवलेला उत्प्रेरक, आणि ते मांसातली प्रथिने तोडते. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. आणि थंडीत दिवसभर टिकणारे दूध मे महिन्यात दुपारपर्यंत फाटते, हे तर कोणाला सांगायला नको.

यांपैकी तापमानाची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली तिचा नियम मांडला. म्हणजे पवईच्या तलावाचे पाणी अडवले जात होते, जवळपास त्याच काळात. रेणू एकमेकांवर सतत आदळत असतात, पण प्रत्येक टक्कर फळाला येत नाही. एक ठरावीक ऊर्जा अंगी असलेले रेणूच अभिक्रिया घडवतात. घाटावरून पलीकडे जायचे तर चढ चढण्याइतका दम हवा, तसे हे आहे. तापमान थोडे वाढले की रेणूंचा सरासरी वेग थोडाच वाढतो, पण चढ चढू शकणाऱ्यांची संख्या मात्र पुष्कळ वाढते. म्हणून ढोबळ हिशेब असा की, दहा अंश सेल्सिअस वाढले की बऱ्याचशा अभिक्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. हा 'दुप्पट' शब्द लक्षात ठेवा. तलावाकडे परत जाताना तो लागणार आहे.

आता पहिली पायरी, म्हणजे पोहोचण्याची. खोलीच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली की थोड्या वेळाने दुसऱ्या कोपऱ्यात वास येतो. पाण्यात शाईचा थेंब टाकला की न ढवळताही तो पसरत जातो. दाट जागेतून विरळ जागेकडे रेणूंनी आपोआप पसरण्याच्या या क्रियेला विसरण म्हणतात. या विसरणाचा नियम १८५५ साली अॅडॉल्फ फिक या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने मांडला. पेशीच्या पातळ पडद्यांतून पदार्थ कसे ये-जा करतात, हा त्याच्या आस्थेचा विषय होता.

येथे एक कोडे आहे. अमोनियाचा रेणू साध्या खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे सहाशे मीटर वेगाने धावतो. मग वर्गात बाटली उघडल्यावर शेवटच्या बाकापर्यंत वास जायला वेळ का लागतो? याचे उत्तर संध्याकाळी सहा वाजता घाटकोपर स्टेशनवर मिळेल. गाडीतून उतरलेला माणूस कितीही घाईत असला तरी दर पावलाला कोणाला तरी धडकतो, बाजूला ढकलला जातो, पुन्हा वळतो. त्याचे पाय भरभर चालतात, पण तो पुढे फारसा सरकत नाही. रेणूची गत अशीच असते. हवेत गर्दी विरळ, म्हणून वाट थोडी तरी मिळते. पाण्यात रेणू एकमेकांना खेटून उभे असतात. त्यामुळे प्राणवायूचे, ज्याला पुस्तकात आपण ऑक्सिजन म्हणतो, पाण्यातले विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते.

विसरणाचा वेग कशावर अवलंबून असतो, तेही थोडक्यात सांगतो. रेणू जितका लहान व हलका तितका तो चपळ. प्रयोगशाळेत काचेच्या लांब नळीच्या एका टोकाला अमोनियाचा आणि दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक आम्लाचा बोळा ठेवला, तर दोन्ही वायू जिथे भेटतात तिथे पांढरे कडे उमटते. ते मध्यभागी उमटत नाही. नळी शंभर सेंटिमीटरची असेल तर कागदावरच्या हिशेबाने अमोनियाच्या टोकापासून सुमारे साठ सेंटिमीटरवर उमटते, कारण हलका अमोनिया अधिक अंतर कापतो. माध्यम दाट असेल तर चाल मंदावते. मधात टाकलेला रंग पाण्यातल्यासारखा पसरत नाही. दोन्हीकडच्या संहतीत जितका फरक, तितका प्रवाह जोराचा. तापमान वाढले की विसरणही वाढते, पण फारसे नाही. पाणी वीस अंशांवरून तीस अंशांवर गेले तर त्यातले विसरण सुमारे तीस टक्के वाढते. अभिक्रिया दुप्पट होते आणि विसरण तीस टक्क्यांनी वाढते. हाही आकडा लक्षात ठेवा.

सर्वांत विलक्षण गोष्ट अंतराची. आपल्याला वाटते, अंतर दुप्पट झाले तर वेळही दुप्पट लागेल. विसरणात तसे नाही. अंतर दुप्पट तर वेळ चौपट, अंतर दहापट तर वेळ शंभरपट. स्थिर पाण्यात प्राणवायूला एक सेंटिमीटर जायला सुमारे सात तास लागतात. एक मीटर जायला किती लागतील? सुमारे आठ वर्षे! आणि तीन मीटर खोल जायचे तर सत्तर वर्षे. पवईला आयआयटीची स्थापना १९५८ साली झाली. समजा, त्या वर्षी पाण्याच्या पृष्ठभागावरून निघालेल्या प्राणवायूला केवळ विसरणाने तीन मीटर खाली जायचे असते, तर तो आता कुठे तळाजवळ येत असता.

उलट अंतर अगदी कमी असेल तर हाच नियम वरदान ठरतो. आपल्या फुप्फुसातील वायुकोशाची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. तेवढे अंतर ओलांडायला प्राणवायूला सेकंदाचा चार हजारावा भागही लागत नाही. म्हणून तर निसर्गाने फुप्फुसे कोट्यवधी बारीक कोशांची बनवली आणि केशवाहिन्या प्रत्येक पेशीच्या दाराशी नेऊन ठेवल्या. माशाच्या कल्ल्यांची त्वचाही अशीच, मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी पातळ असते. तेव्हा मासा आपले काम चोख करतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो घेण्यात मासा कमी पडत नाही.

आता तलावाचा जमाखर्च मांडू. आपल्यापैकी अनेकांची दुकाने आहेत, तेव्हा ही भाषा परिचयाची आहे.

आधी शिल्लक पाहू. एक लीटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लीटर पाण्यात, ते कितीही स्वच्छ असले तरी, तीस अंश तापमानाला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. वीस अंशांना नऊ मावतो. म्हणजे पाणी तापले की तिजोरीच लहान होते. बहुतेक माशांना सुखाने जगायला लीटरमागे चार-पाच मिलिग्रॅम लागतो. शिल्लक किती बेताची आहे, पाहा.

आता खर्च. तलावात सांडपाणी येते. त्यातले अन्नकण, मैला, कुजका पाला यांवर जिवाणू तुटून पडतात आणि त्यांचे विघटन करताना प्राणवायू वापरतात. हा खर्च किती मोठा असतो? एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखर घ्या. तिचे पूर्ण ऑक्सिडीकरण व्हायला जितका प्राणवायू लागतो, तितका तीस अंशांच्या सुमारे साडेसातशे लीटर स्वच्छ पाण्यात मावतो. आपण चाळीत पाणी भरून ठेवतो ती दोनशे लीटरची पिंपे डोळ्यांसमोर आणा. एक चमचा साखर सुमारे पावणेचार पिंपांतला सारा प्राणवायू संपवू शकते. मग वस्त्यावस्त्यांच्या सांडपाण्याचा हिशेब काय होत असेल!

हा खर्च मोजण्याच्या कसोटीला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. तिच्यात एक गंमत आहे. थंड देशांत ही कसोटी वीस अंशांना पाच दिवस ठेवून करण्याची पद्धत पडली. आपल्या भारतीय मानकात ती सत्तावीस अंशांना तीन दिवस ठेवून करतात. पाच दिवसांचे काम तीन दिवसांत उरकते, कारण आपल्याकडे ऊन आहे. दहा अंशांना दुप्पट हा ढोबळ नियम लावून सात अंशांचा हिशेब करून पाहा, उत्तर जवळपास तीन दिवस येते. दहावीच्या पुस्तकातला 'तापमान' हा शब्द सरकारी प्रयोगशाळेत असा कामाला येतो.

आता जमा. प्राणवायू पाण्यात येतो तो वरच्या हवेतून. तो केवळ विसरणाने खाली उतरू लागला तर सत्तर वर्षे लागतील, हे आपण पाहिले. पण वारा वाहतो, लाटा उठतात, पाऊस कोसळतो आणि पाणी वरखाली होते. मग विसरणाला फक्त पृष्ठभागावरचा पातळ थर ओलांडावा लागतो. तो थर मिलिमीटरचा दहावा भाग धरला तर दोन-तीन सेकंदांचे काम. पुढचे ओझे वाहते पाणी वाहून नेते. चहात चमचा फिरवल्याने रेणू चपळ होत नाहीत. साखरेला कापायचे अंतर कमी होते. वारा हा तलावाचा चमचा आहे. दुसरी जमा पाण्यातल्या शेवाळाची. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते. पण रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी प्राणवायू वापरू लागते, म्हणजे जमाखाते बंद आणि खर्च चालू.

आणि आता जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या खतावर पोसते आणि पाण्यावर हिरवी सतरंजी अंथरते. लांबून तलाव मोठा सुंदर दिसतो. पण त्या सतरंजीखाली वारा पोहोचत नाही, म्हणजे चमचा थांबला. ऊन पोहोचत नाही, म्हणजे शेवाळाची जमा बुडाली. आणि जलपर्णी मेली की कुजते, म्हणजे खर्चात भर.

आता त्या मे महिन्याच्या तोंडावरची पहाट डोळ्यांसमोर आणा. पाणी तापलेले, म्हणून तिजोरी लहान. उष्णतेमुळे जिवाणूंचा खर्च दुप्पट. विसरणाची वाढ मात्र तीस टक्क्यांची. वारा पडलेला. रात्रभर शेवाळानेही खर्चच केलेला. सूर्य उगवायच्या सुमाराला शिल्लक तळाला जाते, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात, कारण प्राणवायूची वाट तिथेच काय ती उघडी असते. ज्यांना तोही मिळत नाही, ते काठाला लागतात. विष नसतानाही मासा मरू शकतो, तो असा, गुदमरून. अशा वेळी बगळा मात्र हवेत श्वास घेत असतो. लीटरमागे २७० मिलिग्रॅमची त्याची तिजोरी भरलेलीच असते. म्हणून तेच मासे खाऊन तो उडून जातो. त्या मुलाने बरोबर तेवढेच पाहिले होते, आणि त्यातूनच विष हे माझे उत्तर खोडून काढले होते.

यातून उपायही कळतो. जिवाणूंना दोष देऊन भागणार नाही. ते तर सफाई करीत असतात. माशांची नवी पिल्ले सोडूनही भागणार नाही. मंद पायरी पृष्ठभागावर आहे आणि बोजा सांडपाण्याचा आहे. म्हणून सांडपाणी तलावात येण्याआधी अडवून शुद्ध करणे, जलपर्णी मुळासकट काढणे आणि गरज तेथे कारंजी किंवा हवा सोडणारी यंत्रे लावून पाणी खेळते ठेवणे, हीच खरी कामे. पहिले काम सोडून नुसती कारंजी लावली तर ते उत्पन्न तेवढेच ठेवून कर्ज फेडण्यासारखे होईल.

विद्यार्थ्यांनो, पायरी कोणती मंद आहे हे ओळखणे हे फार मोठे शास्त्र आहे आणि त्यात आपल्या मुंबईचे नाव जगात गाजलेले आहे. माटुंग्याला रासायनिक तंत्रज्ञानाची जी प्रसिद्ध संस्था आहे, ती १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. तेथे १९६४ साली मनमोहन शर्मा नावाचे तरुण गृहस्थ प्राध्यापक झाले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे सत्तावीस वर्षांचे. जोधपूरचा हा मुलगा मुंबईत शिकला, केंब्रिजला जाऊन प्रा. डँकवर्ट्स यांच्या हाताखाली संशोधन करून परत आला. त्यांचा विषय हाच: वायू द्रवात शिरून अभिक्रिया करतो तेव्हा उशीर कशाने होतो, पोहोचण्याने की अभिक्रियेने? कारखान्यातील धुरातून कार्बन डायऑक्साइड धुऊन काढायचा असो की खत बनवायचे असो, हा प्रश्न सोडवल्यावाचून यंत्राचा आकारही ठरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. दोरायस्वामी आणि प्रा. शर्मा यांनी मिळून १९८४ साली या विषयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. १९९० साली प्रा. शर्मा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.  आपल्या शाळेपासून माटुंगा दूर नाही, आणि आयआयटी तर दाराशीच आहे. त्या फाटकातून आत जाणारी मुले आभाळातून पडत नाहीत.

मंद पायरी ओळखण्याच्या दोन साध्या युक्त्या सांगतो. पहिली, ढवळून पाहा. ढवळल्याने काम वेगात झाले तर उशीर पोहोचण्याचा होता. फरक पडला नाही तर उशीर अभिक्रियेचा. दुसरी, तापवून पाहा. दहा अंशांनी काम दुप्पट झाले तर अभिक्रिया मंद होती; थोडेसेच वाढले तर विसरण मंद होते. काही अभिक्रिया तर इतक्या शीघ्र असतात की भेटायचाच काय तो अवकाश. आम्लातला हायड्रोजनचा आयन आणि अल्कलीतला हायड्रॉक्साइड आयन यांची तशीच गोष्ट. हायड्रोजनचा आयन पाण्यात सोडियमच्या आयनापेक्षा सुमारे सातपट वेगाने सरकतो. आगीच्या वेळी माणसे जागच्या जागी उभी राहून घागरी हातोहात पुढे देतात, तसा तो एका पाण्याच्या रेणूकडून दुसऱ्याकडे दिला जातो. अशा अतिशीघ्र अभिक्रियांचा वेग मोजण्याच्या कामासाठी जर्मनीचे मानफ्रेड आयगेन यांना दोघा सहकारी विजेत्यांसह १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पालकांना आता तीन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत, कारण या नियमांची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते.

पहिली गोष्ट, बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवू नका. प्राणवायू कमी पडला की अर्धवट ज्वलन होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. लहानसा रेणू, फुप्फुसाची पातळ भिंत तोही क्षणात ओलांडतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जो पातळपणा आपल्याला जगवतो, तोच येथे घात करतो. खिडकी उघडी ठेवा.

दुसरी, संडास धुताना आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. दोन्ही भेटताच क्लोरीन वायू सुटतो. ही अभिक्रिया वाट पाहत नाही.

तिसरी, गटाराच्या चेंबरमध्ये किंवा शौचालयाच्या टाकीत कोणी उतरू नये, दुसऱ्याला उतरवू नये. तलावाच्या तळाशी प्राणवायू संपल्यावर जे होते तेच तिथे होते. दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटते की आता वास गेला, धोका टळला. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी त्या मुलाकडे येतो. उत्तर सापडल्यावर मी नववीच्या वर्गात गेलो आणि सर्वांसमोर सांगितले, "मी त्या दिवशी दिलेले उत्तर चूक होते आणि याला खाली बसवणे ही त्याहून मोठी चूक होती." तो मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने दोन पेल्यांची गोष्ट सांगितली. घरी एका पेल्यात गार आणि दुसऱ्यात गरम पाणी घेऊन त्याने शाईचे थेंब टाकले होते. मला म्हणाला, "सर, गरमातली शाई लवकर पसरते, पण ते विसरणच आहे, की गरम पाणी आतल्या आत फिरते म्हणून?" मी या खेपेला त्याला बसवले नाही. म्हणालो, "दोन्ही असणार. वेगळे कसे करायचे, ते आपण दोघे मिळून पाहू."

पालकहो, मूल मागे पडले की आपण पहिली गोष्ट काय करतो? ताप वाढवतो. रागावतो, मारतो, दुसरी शिकवणी लावतो. पण उशीर कोणत्या पायरीवर आहे, हे आधी पाहिले का? पुष्कळदा मुलाची बुद्धी मंद नसते. शिकवलेले त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. भाषा अडते, भीती अडते, घरात बसायला जागा नसते, प्रश्न विचारायची सोय नसते. तिथे ताप वाढवून उपयोग नाही, अंतर कमी करावे लागते. आणि आमच्या मुलींच्या बाबतीत तर, त्यांनी विज्ञान घ्यायचे की नाही हे त्यांना विचारण्याआधीच आपण जलपर्णीची सतरंजी अंथरून मोकळे होतो. तिथे मंद पायरी कोण आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन पाहावे.

भूगोलाच्या शिक्षकाचे हे रसायनशास्त्र आपण शांतपणे ऐकून घेतलेत. यात काही चुकले असेल तर विज्ञानाच्या शिक्षकांनी सुधारावे, आणि विद्यार्थ्यांनी तर जरूर विचारावे. आता कोणाला खाली बसवणार नाही.